तिच्या मापाचा जोडा

"बंद कर ते रडगाणं!" बूटवाला पडद्याकडे तोंड करून ओरडला.

गाणं बंद झालं नाही. उलट आवाज जरा वाढला. गाण्यात कुणीतरी कुणाला तरी सोडून गेलं होतं आणि मागे राहिलेला गळा काढून विचारत होता, माझं काय चुकलं?

पुढे दुकान, मागे घर, मध्ये तो पडदा. पडद्याआड त्याची बायको बुटांचे वरचे भाग शिवत बसायची. गेले काही महिने तिला या गाण्यांचं वेड लागलं होतं. रेडिओ गायचा, डोळे गळायचे, पण टाका कधी वाकडा पडत नसे.

"ज्याचं पोट दुखतं तोच ओवा मागतो," कोपऱ्यात बसलेली त्याची आई म्हणाली. "लग्नाआधीचा असणार कुणीतरी. तूच डोक्यावर चढवलीस. पायातली वहाण पायातच बरी."

समोर गिऱ्हाईक नवे बूट घालून उभं होतं. बूटवाल्याने त्याला नेहमीचा मंत्र दिला, "चार दिवस घरातच वापरा साहेब. चावायचं ते घरात चावू दे. मग वाटेत दगा नाही." आणि उठून त्याने पडदा सारला.

"कोण गेलंय तुला सोडून?"

"अजून तरी कुणी नाही."

"मग रडतेस कुणासाठी?"

"तुम्ही दिवसभर हातोडी चालवता. मी विचारते का, मनात कुणाचं डोकं आहे म्हणून?"

गिऱ्हाइकाने हसू दाबलं. ते बूटवाल्याला दिसलं. गल्लीत ज्याच्या शब्दाला मान, त्याला घरात हे उत्तर! त्याने हातातली हातोडी रेडिओवर घातली. एकच घाव. मग बाहेर येऊन शांतपणे बुटांचं खोकं बांधून दिलं. तसा तो काही वाईट माणूस नव्हता, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी पडद्याआडून पुन्हा तेच गाणं आलं. या खेपेला तिच्याच तोंडून. बेसूर, पण शब्द न् शब्द पाठ.

"आता गळा फोडा," ती आतूनच म्हणाली.

बूटवाल्याचं कामात लक्ष लागेना. कोण असेल तो? उंच असेल? गाणारा असेल? रेडिओ फोडता येतो, मनातला माणूस कसा फोडणार? शेवटी एक दिवस तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"झालं गेलं सोड. तुला काय हवं ते सांग, आणून देतो."

"आणू नका. करून द्या. माझ्या मापाचा जोडा."

तो चपापला. गावभरचे पाय त्याने हातात धरले होते, हिचा कधी नाही. फसलेले, गिऱ्हाइकांनी परत केलेले जोड ती पुढे चिंध्या कोंबून वापरत आली होती.

त्याने तिचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. करंगळीवर घट्टा पडला होता.

"तळ कसला लावू?"

"जाड. चालायचा."

"हिला कुठे चालायचंय?" आई कुजबुजली. "मोरीपासून ओट्यापर्यंत?"

त्याने जीव ओतून जोडा केला. पायात चढवताना मंत्र सांगायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "माहीत आहे. रोज ऐकते पडद्याआडून."

ती जोडा घालून घरभर वावरू लागली. सुरुवातीला लंगडायची. ओठांवर गाणं असायचंच. मग लंगडणं थांबलं, आणि त्याच सुमारास गाणंही थांबलं.

"बघ," बूटवाला आईला म्हणाला, "उतरलं की नाही भूत? जरा मायेने घ्यावं लागतं."

त्या दुपारी पडदा सरला. जोडा घालून, हातात पिशवी घेऊन ती दुकानात आली. त्याला हसू आवरेना.

"आज गाणं नाही? गेला वाटतं तो मनातून?"

"तो कुठे जातोय?" ती पायरी उतरत म्हणाली. "तो बसलाय तिथेच, हातात हातोडी घेऊन. त्याच्यासाठी रडायचं होतं ते घरातच रडून घेतलं. आता वाटेत दगा नाही."