मेलेल्या ओळी

“वाचायची ती माझ्यासमोर. मी नसताना हिला हात लावायचा नाही,” धरणाचे मुख्य अभियंता म्हणाले. जुनी डिस्क कपाटात ठेवून त्यांनी किल्ली खिशात टाकली.

“बरं, साहेब,” म्हणून ती पुन्हा की-बोर्डकडे वळली.

चार महिने ती या नियंत्रण कक्षात बसून धरणाच्या डेटाबेससाठी नवं स्टोरेज इंजिन लिहीत होती. वरून बघणाऱ्याला डेटाबेस म्हणजे तक्ते आणि ओळी. त्या ओळी डिस्कवर नेमक्या कुठे ठेवायच्या, कशा उचलायच्या, हे खालचं इंजिन बघतं. जुनं इंजिन पंधरा वर्षांपूर्वीचं होतं. पाण्याच्या पातळीची नोंद तेव्हा मिनिटाला एकदा यायची. आता दर सेकंदाला चाळीस येत होत्या आणि ते बिचारं धापा टाकत होतं.

नव्याचं काम संपत आलं होतं. मध्येच वीज गेली तरी एकही नोंद हरवत नव्हती. साहेबांनी स्वतः सात वेळा प्लग उपटून खात्री करून घेतली होती. आता फक्त जुन्या डिस्कवरच्या नोंदी नव्या इंजिनात आणायच्या राहिल्या होत्या.

त्या डिस्कवर सहा वर्षांपूर्वीची एक दुपार होती. धरणाचे दरवाजे उघडले, त्याआधी भोंगा झाला नाही आणि नदीपात्रात उतरलेली अकरा माणसं वाहून गेली. चौकशीवाल्यांनी डेटाबेसला विचारलं, तर भोंग्याची नोंदच नव्हती. ड्युटीवरचे ऑपरेटर शेवटपर्यंत एवढंच म्हणत राहिले, “चूक माझी आहे.” त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली.

ते तिचे वडील.

“एक सांगा,” साहेबांनी दारापाशी थांबून विचारलं, “जुन्या इंजिनात ओळ डिलीट केली की ती खरंच जाते का हो?”

तिचा हात थांबला. “नाही. ओळीवर फक्त मेल्याची खूण होते. त्या जागेवर दुसरी नोंद येईपर्यंत अक्षरं तशीच पडून असतात.”

“ही डिस्क तर त्याच संध्याकाळी काढून ठेवली होती.”

“मग असतीलही.”

साहेबांनी रुमालाने मान पुसली. “हे कुणाला बोललात?”

“नाही.”

“बोलू नका.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “तुम्ही त्यांची मुलगी आहात, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. उगाच नाही हे काम तुम्हाला दिलं.”

ते निघून गेले.

संध्याकाळी तिने आईला हे सांगितलं. आईने हातातली सुरी खाली ठेवली.

“हाच तो. यानेच ह्यांना गप्प बसवलंय. ह्यांच्या जिभेवर कसलं कुलूप घातलंय देव जाणे! तुरुंगात भेटायला गेले की विचारते, तर म्हणतात, पोरीची खुशाली सांग. मीही मेली नेमकी त्याच दिवशी बाजारात गेले. क्वार्टरमध्ये तू एकटी, तान्ह्या बाळाला घेऊन. कोर्टात विचारलं तेव्हा तूही जे खरं तेच सांगितलंस, भोंगा ऐकला नाही म्हणून. लेकीची साक्ष म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार?”

“आई, नको ना तो विषय.”

“नको कसा? त्या डिस्कवर काही असेल तर तो माणूस ते राहू देईल का? तू आधी बघ. त्याच्या आधी बघ.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेब दरवाजांच्या पाहणीला गेले. ऑफिसातली कपाटं एकाच मापाची; एका कपाटाची किल्ली चारही कपाटांना लागायची. तिने डिस्क काढली, जोडली आणि आतून कडी घातली.

वाचणारा प्रोग्रॅम तिने केव्हाच लिहून ठेवला होता. मेल्याच्या खुणेकडे काणाडोळा करून तो पानामागून पान उलटत गेला. त्या दुपारचं पान यायला अकरा मिनिटं लागली. तिने ते दोनदा वाचलं. पुढची वीस मिनिटं ती खालमानेने काम करत राहिली. साहेबांचे बूट जिन्यावर वाजले तेव्हा डिस्क कपाटात होती.

“आताच वाचूया,” साहेब धापा टाकत म्हणाले. सोबत त्यांनी एका वकिलालाही आणलं होतं. “हे साक्षीदार. उद्या कुणी म्हणायला नको की मी काही फिरवाफिरवी केली.”

त्यांनी स्वतः डिस्क तिच्या हातात दिली. अकरा मिनिटांनी पान पडद्यावर आलं. तीन वाजून पन्नास मिनिटांनी दरवाजे उघडल्याची नोंद होती. तिच्या वरच्या जागेत नुसती शून्यं होती, ओळीने.

साहेबांनी खुर्ची ओढली.

“मी ऐकला होता हो तो भोंगा,” ते म्हणाले. “मी दूर पुलावर होतो. वाजला आणि लगेच बंद झाला. मला भास झाला म्हणाले सगळे. सहा वर्षं मी या डिस्कवर डोळे लावून बसलोय. तुमचे वडील खोटं बोलून कुणाला वाचवतायत, तेवढं मला कळायला हवं होतं.” त्यांचे डोळे भरून आले. “माफ कर, पोरी. मला वाटलं होतं, आज तुझे बाबा सुटतील.”

“तुम्ही तुमच्याकडून केलंत, साहेब,” ती म्हणाली आणि त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत तिनेच ती शून्यं भरली होती; त्याआधी तिथे बाबांनी त्याच संध्याकाळी स्वतः डिलीट केलेली एक ओळ होती: ‘३.४१. भोंगा बंद केला. कारण: घरून मुलीचा फोन, बाळ आत्ताच झोपलंय. दहा मिनिटांनी पुन्हा चालू करणे.’