काचेच्या आत

नणंद ओढ्यात पडली होती. तिचा भाऊ मदत आणायला गेला. तंबूत आम्ही दोघी उरलो, आणि ऊब म्हणून एक मेणबत्तीचा कंदील.

"वहिनी, काच पुसा ना. उजेड मरतोय."

"पुसते, वन्सं. घरी काय, तंबूत काय, पुसायचं मीच."

पुसली. धुकं हललं नाही. ते आतल्या बाजूला होतं.

तापलेल्या काचेवर वाफ धरत नाही. इथे मात्र ती जमायची, विरायची, पुन्हा जमायची. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

बोलताना माझ्या तोंडातून वाफ निघत होती. नणंदेच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

"विझवते मी हा."

"म्हणजे मी गारठून मरायला मोकळी! दादाला काय सांगाल?" तिचे ओठ निळे पडले होते.

"मग निदान लांब तरी ठेवते."

कंदील उचलून मी दाराकडे सरकले. मागे तिच्या दातांची कडकड एकदम थांबली.

"वन्सं?"

"इथेच आहे की, वहिनी."

आवाज मागून आला नाही. माझ्या हातातल्या कंदिलातून आला.