पाचजणांपुरतं तेल

नवं राज्य झालं, ग्वाल्हेरची कचेरी भोपाळला हलली, तिच्यामागे मुलाचा संसारही. तिथलं क्वार्टर दोनच खोल्यांचं, म्हणून वनमालाबाई आणि कुत्रा शेरू ग्वाल्हेरला माधवगंजातच राहिले. नरकचतुर्दशीला बाईंनी सवयीनं पाचजणांपुरतं सुवासिक तेल कोमट केलं. वाटी भरलेली, पाट रिकामा. शेवटी त्यांनी शेरूलाच पाटावर बसवून नखशिखांत चोळलं आणि वर पिसवांची पावडरही भुरभुरली. दुपारपर्यंत त्याच्या अंगावर लाल चट्टे उठले, पाय थरथरू लागले. दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर कडाडले, “माँजी, पावडर सूखे बदन पर डालते हैं! तेल से ज़हर चमड़ी में उतर गया.” त्यांनी शेरूला साबणानं धुतलं, चाटू नये म्हणून गळ्यात पुठ्ठा अडकवला. “बचेगा. पर कुत्ते को तेल कौन लगाता है?” बाईंच्या तोंडी मराठीच आली, “दिवाळी आहे हो. कुणाला तरी लावायचं होतं.”