दाराबाहेरच्या चपला

एका व्हिडिओ गेमच्या तिन्ही भागांत विधवा नायिका एकटीच राहते, तरी तिच्या दाराबाहेर पुरुषी चपला दिसतात. माझी थिअरी पक्की होती: तिचा नवरा मेलेलाच नाही, घरातच लपलाय. बावीस स्क्रीनशॉट लावून केलेला माझा व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला.

ही फुशारकी मारायलाच धाकट्या बहिणीच्या, ऋजुताच्या नव्या फ्लॅटवर गेलो. दाराबाहेर दहा नंबरच्या चपला.

“कुणाच्या गं?”

“कुणाच्याच नाहीत, विकत आणल्यात. इथे बाई एकटी राहते, हे कशाला कळायला हवं सगळ्यांना?”

व्हिडिओचा विषय मी काढलाच नाही.

निघताना ती म्हणाली, “दादा, या घालून जा. तुझ्या चपला इथे दाराबाहेर ठेव. या जागच्या हलतच नाहीत ना, इस्त्रीवाला परवा विचारत होता, साहेब कधी बाहेर पडत नाहीत का?”