डावी बाजू

श्वानप्रदर्शनाच्या मंडपात ती सकाळपासून कुत्री भादरत होती. शिकारी, राखणदार, मेंढपाळ, मांडीवरचे. एकेक गट तिच्याच कात्रीखालून रिंगणात गेला. टेबलाच्या पायाला तिचा स्वतःचा कुत्रा लंगड्या बांधलेला, रस्त्यावरून उचललेला. टेबलावरच्या पूडलची उजवी बाजू भादरून झाली, तोच त्याच्या मालकीणबाईंना लंगड्या दिसला. “हे ध्यान कुठलं? याचा गट तरी कोणता?” “माझा आहे.” “मग बाहेर ने. इथे खानदानी कुत्री आहेत.” तिने कात्री पुसली, खिशात टाकली आणि लंगड्याची दोरी सोडली. तेवढ्यात माइकवर पूडलचा नंबर पुकारला. पूडल उजवीकडून राजपुत्र दिसत होता, डावीकडून मेंढरू. “अगं, निघालीस कुठे? अर्धा राहिलाय!” “बाहेर ने म्हणालात ना?” “पुढच्या वर्षी कोणी बोलावणार नाही तुला!” “नका बोलावू.” “परीक्षकांना काय सांगू?” ती दारात वळली. “त्यांनाच विचारा, आता याचा गट कोणता.”