उंदरांचं औषध

सापाच्या विषातून सूज उतरवणारा घटक वेगळा करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आज प्रयोगशाळेतल्या उंदरांची सूज पहिल्यांदाच ओसरली आणि तिने धावतपळत घरी येऊन आईला सांगितलं. संधिवाताने आईची बोटं इतकी वाकली होती की स्वेटरचं बटणही लागत नव्हतं. "मग आण की मला थोडं," आई म्हणाली. "अजून माणसांना दिलेलं नाही, आई." "म्हणजे माझी किंमत उंदरांपेक्षाही कमी का?" लेकीला हसू आलं. औषधाची कुपी तिच्याच ताब्यात होती. कुणाला पत्ताही लागला नसता. तिने आईचे हात हळूच धरले. "उंदीर गेला तर दुसरा आणता येतो. तुला कुठून आणू? चाचण्या होईपर्यंत थेंबही देणार नाही." आईने हात सोडवून घेतले. "मग इथे कशाला बसलीस? जा, तुझे साप वाट बघत असतील."