लाल बाण

हायवेलगतचा मॉल नुकताच नव्याने सजवला होता. रंगाचा वासही गेला नव्हता. तिथल्या मालात बारीकशी खोट असते, म्हणून तो स्वस्त. खोट असेल तिथे लाल बाण चिकटवलेला असतो.

आमचे हे शर्ट घालून बघायला ट्रायल रूममध्ये गेले. एरवी अर्धा तास लावतात, आज दोन मिनिटांत बाहेर.

शर्ट अगदी मापात बसला होता. मी कॉलर सारखी करायला गेले, तर बाण यांच्या मानेवर. बाणाच्या टोकाशी तीस वर्षं पाहिलेला तीळ नव्हता.

मी ट्रायल रूमचं दार उघडलं. आत कुणीच नव्हतं.

"हे माझे नव्हेत हो!" मी काउंटरवरच्या बाईंना म्हटलं.

त्यांनी यांची मान शांतपणे पाहिली. "बदलून मिळत नाही, ताई. म्हणून तर बाण लावतो."